एकाच कचेरीत जुळलेली मने

वाचकहो, 'प्रेमप्रकरण' हा शब्द आपल्या कानावर बहुधा कोर्टात, पोलीस ठाण्यात किंवा नाक्यावरच्या चहाच्या दुकानात पडतो. 'प्रकरण' म्हटले की फाईल आली, साक्षीदार आले, उलटतपासणी आली. दोन भली माणसे एका ठिकाणी नोकरी करता करता एकमेकांना आवडू लागतात, या साध्या गोष्टीसाठी आपण वापरतो तो शब्दसुद्धा असा फिर्यादी थाटाचा आहे. मग त्या दोघांनी ती गोष्ट झाकून ठेवायला धडपडावे यात नवल ते काय? पण झाकण्यासारखे काय आणि सांगण्यासारखे काय, यात पुष्कळदा गल्लत होते. जे आपल्यापाशी ठेवायचे ते लोक चारचौघांत दाखवतात आणि जे वेळेवर सांगायला हवे ते दडवून ठेवतात. या दोहोंची निवड कशी करावी, एवढाच विषय आज तुमच्यापुढे मांडायचा आहे.

हा विषय मोठ्या शहरांचा, असे काहींना वाटेल. मला तो आमच्या भोर-वेल्ह्याकडे अधिक अवघड वाटतो. पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने निघाले की उजव्या हाताला नसरापूरवरून वेल्ह्याकडे आणि पुढे कापूरहोळवरून भोरकडे वाट फुटते. भोर हे १९४८ सालापर्यंत पंतसचिवांच्या संस्थानाचे ठिकाण. वेल्हे म्हणजे राजगड आणि तोरणा या दोन किल्ल्यांच्या पायथ्याचा मुलूख. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला, पण बोलण्यातले वेल्हे अजून तसेच आहे. २०११ च्या जनगणनेत वेल्हे तालुक्याची वस्ती सुमारे ५४,५०० होती आणि भोर तालुक्याची सुमारे १,८६,०००. एवढी माणसे डोंगरदऱ्यांत, धरणांच्या काठांनी, लहान लहान वाड्यांतून विखुरलेली. कचेऱ्या मोजक्या, एस.टी. मोजक्या, बाजाराचा दिवस ठरलेला. शहरात माणूस गर्दीत हरवून जाऊ शकतो. इथे सकाळच्या गाडीत कोण कोणाशेजारी बसले, हे संध्याकाळच्या गाडीला ठाऊक झालेले असते.

एक उदाहरण कल्पून पाहू. वेल्ह्याच्या पश्चिमेला, केळदच्या बाजूला, एखाद्या वाडीवर जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या प्रमाणाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असली की दोन शिक्षक असावेत. इथे एक गुरुजी आहेत आणि एक बाई. दोघे तिशीच्या आतले, दोघे अविवाहित. मुलांना शिकवायचे, खिचडीचा तांदूळ मोजून द्यायचा, ऑनलाइन माहिती भरायची आणि रेंज नसली की फोन घेऊन टेकाडावर चढायचे, हे सारे दोघांनीच. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले तर मुलांना पलीकडे पोहोचवायचे, तेही दोघांनीच. असा सहवास वर्ष-दोन वर्षे घडला आणि मने जुळली, तर त्यात आक्रीत काही नाही. शेजारच्या आरोग्य उपकेंद्रात, ग्रामपंचायतीत, भोरच्या एस.टी. आगारात, एखाद्या पतसंस्थेत किंवा आमच्यासारख्यांच्या महाविद्यालयात हेच घडू शकते.

आता पुढे काय होते ते पाहा. वाडीत कुजबूज सुरू होते. पारावर एक म्हणतो, "गुरुजींची गाडी हल्ली बाईंच्या घरावरून जाते." दुसरा म्हणतो, "हल्ली नव्हे, दिवाळीपासून." मग पालकसभेत कोणीतरी खोचक बोलतो आणि बातमी केंद्रप्रमुखांपर्यंत जाते. शेवटी बहुधा असे घडते, की गुरुजींची बदली होते आणि बाईंची अब्रू जाते. घरून निरोप येतो, "पुरे झाली नोकरी, घरी ये." डी.एड. करून, पात्रता परीक्षा देऊन, वर्षानुवर्षे भरतीची वाट पाहून मिळालेली नोकरी त्या मुलीच्या हातून सुटते. या विषयात पणाला काय लागलेले असते, तर ते हे. म्हणून 'प्रेम करणारे बघून घेतील' असे म्हणून हात झटकता येत नाहीत.

यावर पहिला उपाय सुचतो तो लपवाछपवीचा. वेगवेगळ्या गाडीने यायचे, कचेरीत मुद्दाम तुटक बोलायचे, कोणी विचारले तर कानांवर हात ठेवायचे. हा उपाय लहान गावात चालत नाही. ताकाला जाऊन भांडे लपवावे आणि सगळ्या गावाने त्या भांड्याकडेच पाहावे, तशी गत होते. शिवाय एकदा खोटे बोलले की पुढचे खरेही कोणाला खरे वाटत नाही. उद्या दोघांनी लग्न केले तरी सहकारी म्हणतात, "आम्हाला तोंडावर नाही म्हणाले होते." राग प्रेमाचा नसतो, फसवल्याचा असतो.

मग सगळे सांगत सुटायचे का? तेही नाही. मनातली गोष्ट ही ज्याची त्याची. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला आणि माणसाच्या जिव्हाळ्याच्या नात्यांची निवड त्या हक्कात येते, हेही मान्य केले. तेव्हा तुम्ही कोणावर प्रेम करता, कधीपासून करता, लग्न कधी करणार, हे विचारण्याचा अधिकार शेजारच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांना नाही आणि सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही. "ते माझे घरगुती आहे" हे उत्तर पुरेसे आहे. न सांगणे निराळे आणि खोटे सांगणे निराळे.

तर मग सीमा कुठे आखायची? माझ्या मते यासाठी एक सोपी कसोटी आहे. तिला मी सहीची कसोटी म्हणतो. जोवर तुमचे नाते तुमच्या दोघांपुरते आहे, तोवर ते तुमचे. ज्या दिवशी एकाची सही दुसऱ्याच्या कागदावर पडू लागते, त्या दिवसापासून ते कचेरीचेही होते. रजेचा अर्ज, प्रवासभत्त्याचे बिल, गोपनीय अहवाल, हजेरीपट, ड्यूटीचा तक्ता, खरेदीची पावती, परीक्षेच्या पेपरांची फेरतपासणी, यांतल्या कशावरही तुमची सही आपल्या माणसासाठी होत असेल, तर वरिष्ठाला ती गोष्ट सांगणे हे तुमचे कर्तव्य आहे.

बँकेच्या तिजोरीचे पाहा. तिच्या दोन किल्ल्या दोन निरनिराळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. दोघे हजर असल्याखेरीज ती उघडत नाही. एकाचा मोह दुसऱ्याने आवरावा, हा त्यामागचा हेतू. आता त्या दोन किल्ल्या अशा दोघांकडे गेल्या की ज्यांचे सुखदुःख एक झाले आहे, तर? ते दोघे कितीही सचोटीचे असोत, दोन किल्ल्यांची आता एकच किल्ली झाली. पतसंस्थेत एकाने व्हाउचर लिहायचे आणि दुसऱ्याने ते मंजूर करायचे, यामागेही हेच शहाणपण असते. म्हणून अशा जोडप्याने व्यवस्थापकाला एकान्तात गाठून एवढेच म्हणावे, "साहेब, आमच्या दोघांचे लग्नाचे बोलणे चालले आहे. आमच्यापैकी एकाचे टेबल बदलावे." बाकीचा तपशील साहेबांना द्यावा लागत नाही. त्यांनीही तो विचारू नये. उद्या हिशेबात चार आणे कमी आले तरी संशयाची सुई तुमच्याकडे वळणार नाही, हा त्यातला तुमचा स्वतःचा फायदा.

परदेशांतल्या मोठ्या कंपन्यांतही निवाडा याच मुद्द्यावर होतो. नेस्ले हे नाव आपल्याकडे चहा-कॉफीच्या दुकानातसुद्धा माहीत आहे. स्वित्झर्लंडमधल्या त्या कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये आपले मुख्य अधिकारी लोरां फ्रेक्स यांना तडकाफडकी पदावरून दूर केले. हाताखालच्या एका कर्मचाऱ्याशी असलेले प्रेमसंबंध त्यांनी कंपनीला कळवले नव्हते, हे कंपनीने दिलेले कारण. प्रेम जडले म्हणून ती नोकरी गेली नाही. वरिष्ठ आणि कनिष्ठ असे नाते असताना ते सांगितले नाही, म्हणून गेली. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याला जो नियम लागू, तो आमच्या पतसंस्थेच्या शाखाधिकाऱ्याला लागू नसावा असे काही कारण दिसत नाही.

बरोबरीच्या माणसांचे मात्र सोपे असते आणि त्याचे आपल्या ओळखीचे उदाहरण म्हणजे पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई. मुंबईच्या ओरिएंट हायस्कुलात दोघे शिक्षक होते. तेथे ओळख झाली आणि १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीस त्यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केले. दोघे एकाच पायरीवरचे. कोणाची रजा कोणाच्या सहीने मंजूर होत नव्हती. पुढे आयुष्यभर त्यांनी एकत्र काम केले. १९४८ च्या 'वंदे मातरम्' चित्रपटात दोघांनी भूमिका केल्या आणि पुलंच्या नाटकांच्या, प्रयोगांच्या व्यवस्थेत सुनीताबाईंची करडी नजर असे, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९९० साली आलेल्या 'आहे मनोहर तरी' या पुस्तकात त्यांनी या सहजीवनाचा हिशेब कोणताही मुलामा न देता मांडला. एकत्र काम आणि एकत्र संसार जमतो, पण त्यासाठी दोघांनाही आपापले मत ठेवता आले पाहिजे, हे त्या संसारावरून दिसते.

आता रोजच्या वागण्याकडे येऊ. यात मोठे तत्त्वज्ञान नाही, पण इथेच बहुतेकांचा पाय घसरतो.

पहिली गोष्ट, कामाच्या वेळात एकमेकांना इतर सहकाऱ्यांसारखेच वागवावे. इतरांना 'मॅडम' आणि हिला 'अगं' असे झाले की वेगळे सांगायला नको. वर्गात मुलांसमोर बाईंना बाईच म्हणावे. मुले आपल्याला वाटते त्याहून बारीक पाहतात आणि घरी जाऊन तितक्याच बारकाईने सांगतात.

दुसरी, ओळख असल्याचा आव जसा नको तसा नसल्याचाही नको. काल मोकळेपणी बोलणारी दोघे आज एकमेकांकडे बघेनाशी झाली, की कचेरी ताबडतोब ओळखते. कामापुरते सरळ बोलणे चालू ठेवावे.

तिसरी, मोबाईल. कचेरीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकमेकांची थट्टा, शुभेच्छांबरोबर बदामाची चिन्हे, हे टाळावे. आणि कचेरीच्या संगणकावरून किंवा कचेरीच्या ई-मेलवरून खाजगी पत्रव्यवहार कदापि करू नये. ते साधन कचेरीचे आहे; त्यावरचा मजकूर उद्या कोणाच्या पुढे येईल याचा नेम नाही.

चौथी, कचेरीतल्या भांडणात एकमेकांचे वकीलपत्र घेऊ नये. साहेब तिला बोलले म्हणून तो तावातावाने उठला, तर तिचे म्हणणे बाजूला राहते आणि यांचेच नाटक सुरू होते. तिला तोंड आहे, तिचे ती बोलेल. घरी गेल्यावर हवे तेवढे ऐकून घ्यावे.

पाचवी, कचेरीतल्या कोणाच्या गोपनीय गोष्टी नात्याच्या भरात एकमेकांना सांगू नयेत. बदल्यांची यादी तुमच्या टेबलावर आली असेल, तर ती यादी तिच्यासाठीही बंद पाकिटातच आहे असे समजावे. लोकांना प्रेमाचा फारसा उपद्रव होत नाही; या गळतीचा होतो.

आणि सहावी, कचेरीत आपला एखादा विश्वासू आहे म्हणून त्याला सगळे सांगून ठेवण्याचा मोह आवरावा. ज्याला काम म्हणून सांगायचे त्या वरिष्ठाला आधी सांगावे. त्याच्या कानी ती बातमी चहावाल्याकडून गेली, तर तुम्ही प्रामाणिकपणे सांगायला गेलात तरी उशीर झालेला असतो.

या सगळ्याच्या आधीची एक पायरी राहिली. ती म्हणजे विचारण्याची. एकाच्या मनात आहे म्हणजे दुसऱ्याच्या मनात असेलच असे नाही. सभ्यपणे, एकदा, कामाच्या वेळेबाहेर विचारावे आणि 'नाही' असे उत्तर आले तर ते पहिल्याच वेळी ऐकावे. गप्प राहणे, विषय टाळणे, हसून वेळ मारून नेणे, ही वरिष्ठापुढे सापडलेल्या बाईची 'नाही' म्हणण्याचीच रीत असते. ज्याच्या हाती तिची रजा, तिचा अहवाल किंवा तिची बदली आहे, त्याने तर विचारण्यापूर्वी शंभरदा थांबावे. तिचे 'हो' मनापासून आले की भीतीपोटी, हे त्याला कधीच खात्रीने कळणार नाही.

१९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या छळाविरुद्ध मार्गदर्शक नियम घालून दिले आणि २०१३ साली त्याचा कायदा झाला. त्या कायद्याने संमतीच्या प्रेमाला हात लावलेला नाही. नको असलेल्या वागण्याला लावला आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. आमच्या दोन शिक्षकांच्या शाळेसारख्या ठिकाणी वेगळी समिती कशी असणार, असे तुम्ही विचाराल. ज्या आस्थापनेत दहा माणसे नाहीत, तिच्यासाठी आणि खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असेल तर तिच्यासाठी, जिल्ह्याची स्थानिक समिती असते. ग्रामीण भागात तालुक्याला एक अधिकारी नेमून तक्रार त्याच्याकडे देण्याची सोय कायद्यात आहे आणि त्याने ती सात दिवसांत समितीकडे धाडायची असते. तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करावी लागते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तक्रार करणारीचे नाव किंवा चौकशीतली माहिती जाहीर करण्यास कायद्याने मनाई केली आहे.

इथे एक गंमत पाहा. हा कायदा तक्रारदार स्त्रीचे नाव झाकायला सांगतो, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा लग्न करू इच्छिणाऱ्यांची नावे विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत ठळक जागी लावायला सांगतो. काय झाकावे आणि काय उघडावे, याचा विचार कायद्यालाही असा प्रसंग पाहून करावा लागतो.

नोंदणी पद्धतीने लग्न करायचे तर दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस वास्तव्य हवे. नोटीस लागल्यापासून तीस दिवसांत कोणालाही हरकत घेता येते. मात्र ती हरकत ठरावीक कारणांवरच चालते: वय कमी आहे, पहिला जोडीदार हयात आहे, मानसिक स्थितीमुळे संमती देता येत नाही, किंवा नाते निषिद्ध आहे. जात वेगळी आहे, काकांना पसंत नाही, गावात चर्चा होईल, ही कारणे त्या कायद्यात नाहीत. वयात आलेल्या दोघांच्या लग्नाला घराण्याची किंवा जमातीची परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली शक्तिवाहिनी खटल्यात स्पष्ट केले आहे. तरीही ही नोटीस लागण्याआधी घरी आणि कचेरीत योग्य माणसांना आपण स्वतः सांगितलेले बरे. आपली बातमी फळ्यावरून समजली, हे आईबापांना लागते. घरून जिवाला धोका असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे आधी पोलिसांचे संरक्षण आणि मग बाकीचे सगळे.

सांगितल्याने नोकरीत नुकसानच होते असेही नाही. आपल्या जिल्हा परिषदांच्या शिक्षकांचेच उदाहरण घ्या. २०१७ च्या बदली धोरणात पती-पत्नी एकत्रीकरणाचा निराळा वर्ग ठेवला गेला; दोघांच्या शाळा तीस किलोमीटरपेक्षा दूर असतील तर त्यांना बदलीत प्राधान्य मिळे. वेल्ह्याच्या डोंगरातली बाई आणि भोरच्या पलीकडे हिरडोशी खोऱ्यात असलेला तिचा नवरा, यांना रोज मार्गासनी, नसरापूर, कापूरहोळ असा वळसा घालून संसार करता येत नाही, हे सरकारलाही समजते. पण असल्या सवलतीला कागद लागतो. जे नाते कागदावर आले, त्याच्या बाजूने नियम उभा राहतो; जे अंधारात राहिले, त्याच्या बाजूने कोणीच उभे राहत नाही.

दोन अवघड गोष्टी टाळून हा विषय पुरा होणार नाही. दोघांपैकी एक विवाहित असेल तर काय? अशा वेळी गुप्तता कशी राखावी याचा सल्ला कोणी मागू नये आणि देऊ नये. घरच्या माणसाची फसवणूक ही कचेरीतल्या शिस्तीने शुद्ध होत नाही. पहिला जोडीदार हयात असताना सरकारी नोकराने दुसरे लग्न करणे वर्तणूक नियमांच्या विरुद्ध आहे आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे असे लग्न मुळात लग्नच ठरत नाही. त्यात ज्या स्त्रीला 'दुसरी' म्हणून आणले जाते, तिच्या हाती ना पत्नीचा दर्जा येतो, ना समाजाचा आधार. आधी पहिल्या नात्याचा सरळ निकाल लावावा, मग पुढचे बोलावे.

दुसरी गोष्ट, नाते तुटले तर? मोठ्या शहरात माणूस नोकरी बदलतो. इथे दुसऱ्या दिवशी त्याच व्हरांड्यात, त्याच हजेरीपटावर, एकाखाली एक सही करायची असते. म्हणूनच जोडताना राखलेली मर्यादा तुटताना उपयोगी पडते. ज्यांनी आपले प्रेम कचेरीभर मिरवले नाही, त्यांना आपले दुःखही मिरवावे लागत नाही. जुने फोटो, जुने निरोप हे शस्त्र म्हणून वापरू नयेत. तो हलकटपणा तर आहेच, शिवाय गुन्हाही ठरू शकतो. काही महिने फार जड जातील. त्या काळात एकाने टेबल किंवा पाळी बदलून मागितली तर त्यात कमीपणा नाही. पण माघार नेहमी तिनेच घ्यावी, बदली नेहमी तिनेच मागावी, ही आपली जुनी खोड आता सोडली पाहिजे.

शेवटी, जे वरिष्ठ आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. तुमच्या हाताखालची दोन माणसे येऊन सांगतात, तेव्हा त्यांनी तुमच्यावर मोठा विश्वास टाकलेला असतो. त्यांना प्रवचन देऊ नका, घरी फोन लावू नका आणि बाहेर येऊन स्टाफरूममध्ये मिस्कील हसू नका. कोणत्या कागदावर कोणाची सही पडते ते पाहा आणि तेवढी सही दुसऱ्याकडे सोपवा. बदल करायचाच तर दोघांच्या सोयीने करा. शिक्षा म्हणून एकीला डोंगरात धाडू नका. आणि सरपंच किंवा पालक तक्रार घेऊन आले, तर एकच प्रश्न विचारा: "कामात काही उणे आहे का?" मुले वाचू लागली आहेत, वर्ग वेळेवर उघडतो, हिशेब चोख आहे, असे असेल तर त्या तक्रारीचे तिथेच समाधान करा. कामात उणे असेल तर त्या उण्याबद्दल बोला, प्रेमाबद्दल नव्हे.

त्या कल्पनेतल्या वाडीकडे पाहिले तर मला वाटते, असे दोन शिक्षक आणि असा एक केंद्रप्रमुख एकत्र आले, तर पारावरची कुजबूज फार दिवस टिकणार नाही. गावाला बोलायला दुसरा विषय लवकर मिळतो. लग्नाची पत्रिका दोघांनी मिळून प्रत्येक उंबऱ्यावर नेऊन द्यावी, म्हातारी माणसे थोडी कुरकुरतील आणि मग विचारतील, "जेवण काय ठेवलंय?" बाईंची नोकरी मात्र शाबूत राहिलेली असेल आणि सोमवारी सकाळी शाळेची घंटा वेळेवर होईल.